परदेशी शिकायला जाताना: मोठे शहर की लहान गाव?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा त्यांना वाटले असावे की, हा गृहस्थ कामगार-कायद्यांवर बोलेल. मी विषय कळविला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून घेतले. जो माणूस दहावीनंतर शाळेची पायरी चढला नाही आणि मुंबईपलीकडे फारसा गेला नाही, तो परदेशी शिक्षणावर काय बोलणार? शंका रास्त आहे. तेव्हा आधी तिचा खुलासा करतो.

चाळीस वर्षांपूर्वी मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत हेल्पर म्हणून लागलो. दिवसा वाळू चाळायची, साचे उचलायचे आणि संध्याकाळी वाचनालयात जाऊन मिळेल ते वाचायचे, असा माझा शिक्षणक्रम. पुढे संघटनेचे काम आले आणि तेच आयुष्य झाले. आमच्या कचेरीत पूर्वी कामगार येत, ते हातात ‘कारणे दाखवा’ नोटीस घेऊन. अलीकडे काही जण दुसराच कागद घेऊन येतात. कागद इंग्रजीत असतो, वर परदेशी विद्यापीठाचा शिक्का असतो. पण आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरची काळजी तीच असते. ‘‘आण्णा, पोराला पत्र आलंय. दोन ठिकाणची आल्यात. कुठं धाडू?’’ कामगाराच्या घरात हा प्रश्न आला, ही मी मोठी आनंदाची गोष्ट समजतो. परंतु जो प्रश्न विचारला जातो त्याचे उत्तर द्यावे लागते, आणि चुकीचे उत्तर दिले तर त्याची किंमत आपल्याला नाही, दुसऱ्याच्या पोराला मोजावी लागते. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

२०२१ साली आमच्या एका सभासदाच्या मुलाला विलायतेची दोन पत्रे आली. एक लंडनच्या कॉलेजचे, दुसरे उत्तरेकडच्या एका लहान गावातील विद्यापीठाचे. बापाने मला विचारले. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, ‘‘मोठ्या गावाला धाड. मोठ्या गावात कुणी उपाशी मरत नाही.’’ माझ्या पिढीचा हा सिद्धान्तच होता. गावाकडे दुष्काळ पडला की माणसे मुंबई गाठीत. गिरणी, गोदी, निदान हमाली तरी मिळे. तोच हिशेब मी लंडनला लावला.

मुलगा गेला. घरावर साडेसोळा लाखांचे कर्ज काढले होते. लंडनला पोचल्यावर खोलीच्या भाड्यातच निम्मे पैसे जाऊ लागले. तेथल्या नियमाप्रमाणे पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. वीस तासांत भाडे निघेना. मग एका गोदामात रातपाळीला तो रोखीने काम करू लागला. दर कायद्याच्या किमान वेतनाहून कमी, हजेरीपत्रकावर नाव नाही. दोन महिन्यांचा पगार मालकाने बुडवला. तक्रार कोठे करणार? तक्रार करायची म्हणजे आपण वीस तासांहून जास्त काम केले, हे आपल्याच तोंडाने कबूल करायचे आणि व्हिसा गमवायचा. दिवसा वर्गात डोळा लागे. दोन विषय राहिले, पदवी राहिली, मुलगा परत आला. कर्ज अजून फिटते आहे. बाप आजही मला रस्त्यात भेटतो, नमस्कार करतो, एका शब्दाने बोल लावीत नाही. तो बोल लावीत नाही, म्हणूनच हा विषय माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा अभ्यास करू लागलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, हा प्रश्न नवा नाही. आपल्या थोर माणसांनी तो आपापल्या परीने सोडविलेला आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, महिन्याला साडेअकरा पौंड. कोलंबिया विद्यापीठ म्हणजे महानगराच्या ऐन मध्यभागी. तेथे सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले, ग्रंथालय लाभले, जुन्या पुस्तकांची दुकाने लाभली. आणि आणखी एक गोष्ट लाभली, ती पैशात मोजता येत नाही. जेथे कोणी जात विचारीत नाही असा रस्ता, असा भोजनगृहातला बाक त्यांना प्रथमच मिळाला.

आता दुसरे उदाहरण पाहा. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर हे त्यांच्या आधी, १९०६ साली, अमेरिकेला गेले. ते न्यूयॉर्क शहरात राहिले नाहीत. इथाका या डोंगराळ भागातील लहानशा गावात कॉर्नेल विद्यापीठ आहे, तेथे त्यांनी अध्ययन केले. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली त्या गावीच प्रसिद्ध झाला. परत येऊन याच माणसाने मराठी ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले.

आणि गंमत पाहा. १९१६ साली कोलंबियात बाबासाहेबांनी जातींच्या उत्पत्तीवर जो निबंध वाचला, त्यात त्यांनी केतकरांच्या मतांचा परामर्श घेतलेला आहे. एकाने लहान गावात बसून लिहिले, दुसऱ्याने महानगरात बसून ते वाचले आणि त्याच्या पुढे विचार नेला. तेव्हा विद्या मोठ्या शहरातच असते, किंवा एकान्तातच साधते, ही दोन्ही मते टाकून द्यावी लागतात. प्रश्न असा विचारला पाहिजे की, या मुलाला, या विद्येसाठी, या ऐपतीत, कोणते गाव मानवेल?

आता मी परदेशातून थोडा आपल्या कोल्हापुरात येतो. राजर्षी शाहू महाराजांपुढे हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा होता. खेड्यातल्या पोराला कोल्हापूर हेच परदेश होते. शाळा होती, फी माफ करता येत होती. पण पोराने राहावे कोठे आणि जेवावे काय? महाराजांनी ओळखले की, शिक्षणाचा अडसर वर्गाच्या दारात नसून खोलीच्या दारात आहे. म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मागोमाग निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग काढले, तेही याच जाणिवेने. आणि मुलांनी श्रम करून शिकावे ही शिस्त घालून दिली. परंतु भाऊरावांच्या मुलांच्या श्रमाचा मालक कोणी गोदामवाला नव्हता, हे विसरू नये. श्रम शिक्षणाच्या पोटात होता. शिक्षण श्रमाच्या पोटात गेले की मुलगा कामगार होतो आणि विद्यार्थी उरत नाही. माझ्या त्या लंडनच्या मुलाचे नेमके हेच झाले.

शाहू महाराजांचे हे सूत्र परदेशालाही लागू पडते: आधी खोली पाहा, मग विद्यापीठ पाहा. हे मी मुद्दाम थोडे उलटे सांगतो आहे, कारण आपण सगळे नावाला भुलतो.

गेल्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न माझ्या दारी आला. माझ्याबरोबर मोल्डिंगला काम केलेला एक जुना सोबती आहे. त्याच्या मुलीने धातुशास्त्राची पदवी घेतली आहे. लहानपणी डबा घेऊन फाउंड्रीच्या फाटकाशी यायची, ती मुलगी. जर्मनीतून तिला दोन पत्रे आली, एक बर्लिनचे आणि दुसरे फ्रायबेर्गचे. बाप म्हणाला, ‘‘आण्णा, बर्लिन म्हंजे मुंबईगत. ते दुसरं नाव तर कुणी ऐकलंबी न्हाई. सांगा, कुठं धाडू?’’ मी म्हटले, ‘‘या वेळी मी सांगणार नाही. आपण तिघे बसून हिशेब करू.’’

तो हिशेब आपल्याला सांगतो, कारण तो पुष्कळांच्या उपयोगी पडेल.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही. म्हणून तर २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तेथे ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा पहिला क्रमांक होता. परंतु व्हिसापूर्वी एका बंद खात्यात वर्षाच्या निर्वाहाचे पैसे भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे आपले बारा लाखांच्या वर. त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. आता लक्षात घ्या, हा आकडा सबंध देशाला एकच आहे. विलायतेचे सरकार यात अधिक सरळ आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याने विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी दोन आकडे ठरविले होते, लंडनमध्ये महिना १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६. पुढे दोन्ही वाढले. मोठ्या शहराचा महिना साडेतीनशे पौंडांनी महाग पडतो, हे तेथे सरकारच लिहून देते. जर्मनीत ते कोणी लिहून देत नाही; आपणच काढावे लागते.

मुलीने चौकशी केली होती. बर्लिनमध्ये सामायिक घरातल्या एका खोलीला साडेसहाशे युरो सांगत होते, आणि तीही मिळेल की नाही याची खात्री नव्हती. फ्रायबेर्गच्या विद्यार्थी-वसतिगृहात दोनशे ऐंशीच्या आसपास. आरोग्यविम्याचे सुमारे १४५ दोन्हीकडे सारखेच. मी पाटीवर मांडले. बर्लिनला हाती उरतात १९७ युरो, फ्रायबेर्गला ५६७. फरक महिना ३७० युरोंचा.

आम्हा संघटनेच्या माणसांना एक खोड असते. आम्ही पैसे तासांत मोजतो. जर्मनीत किमान वेतनाचा कायदा विद्यार्थ्यालाही लागू आहे. २०२६ च्या जानेवारीपासून दर तासाला १३.९० युरो. म्हणजे हे ३७० युरो मिळवायला महिन्याला सुमारे २७ तास. दोन वर्षांचे धरले तर आठ तासांच्या ऐंशी पाळ्या. मी मुलीला म्हटले, ‘‘बाई, बर्लिनची खोली घेतलीस तर ऐंशी पाळ्या घरमालकाच्या.’’ ती हसली. पण तिचा बाप हसला नाही. ऐंशी पाळ्या म्हणजे काय, हे त्याच्या हाडांना ठाऊक आहे.

पण पाळ्यांपेक्षाही मोठा मुद्दा पुढे आहे, आणि आजच्या भाषणातील मुख्य मुद्दा मी तोच समजतो. १९७ युरोंत महिन्याचे जेवणखाण, पुस्तके, फोन भागत नाही. तेव्हा बर्लिनला काम करणे भागच आहे, आणि तेही पोचल्या महिन्यापासून. ५६७ युरोंत काटकसरीने भागते. म्हणजे तेथे काम करावे की नाही, केव्हा करावे, कोणते करावे, हे मुलीच्या हाती राहते. ज्याला आज रात्रीच काम हवे असते, त्याला दर ठरवता येत नाही. ज्याला पंधरा दिवस थांबता येते, तोच मालकाला ‘नाही’ म्हणू शकतो. संपात आम्ही हेच शिकलो. संप जिंकतो तो घोषणांनी नव्हे, घरात किती दिवसांचे दाणे आहेत यावर. विद्यार्थ्याचेही तसेच आहे. ज्या गावी तुमच्या मुलाला ‘नाही’ म्हणण्याइतकी सवड राहील, ते गाव चांगले. बाकीची सगळी शोभा त्यानंतर.

आता दुसरी बाजू मांडली नाही तर मी वकिली केल्यासारखे होईल.

मोठ्या शहरात काम मिळते, आणि भाषा न येताही मिळते. सायकलवरून जेवणाचे डबे पोचविणारे भारतीय विद्यार्थी बर्लिनच्या रस्त्यांवर पुष्कळ दिसतात. लहान गावात मोडकी का होईना, जर्मन आली पाहिजे. अर्थात याची दुसरी बाजू अशी की, मोठ्या शहरात आपली मुले आपल्याच मुलांबरोबर राहतात, वरणभात करतात, मराठी-हिंदीत भांडतात आणि दोन वर्षांनी जर्मन न शिकता बाहेर पडतात. मग नोकरीच्या वेळी तीच भाषा आडवी येते. पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनीत अठरा महिन्यांची मुदत मिळते. त्या मुदतीत भाषा शिकायला बसणे म्हणजे लग्नघटकेला मांडव घालायला काढण्यासारखे आहे.

लहान गावाचा धोका आम्हा कामगारांना सांगायला नको. गाव एका-दोन कारखान्यांवर जगते आणि कारखाना बसला की गाव बसते. फ्रायबेर्गमध्ये सौर पॅनेल बनविणारा मोठा कारखाना २०२४ च्या वसंतात बंद झाला. सुमारे पाचशे माणसांचे काम गेले. तेव्हा ‘शिकता शिकता तेथेच नोकरी’ या भरवशावर लहान गाव निवडू नये. परंतु जर्मनीचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. आपल्याकडे उद्योग म्हणजे मुंबई-पुणे, असे समीकरण झाले आहे. तेथे उद्योग देशभर विखुरलेला आहे. बेअरिंगे एका लहान गावात, मोटारी दुसऱ्या, यंत्रे तिसऱ्या. जो विषय शिकायचा त्याचे गाव कोणते, हे पाहावे लागते.

आणि येथेच फ्रायबेर्गचे नाव मला उमगले. ‘कुणी ऐकलं नाही’ असे ते चाळीसएक हजार वस्तीचे गाव सॅक्सनी राज्यात आहे; ड्रेस्डेनपासून सुमारे चाळीस किलोमीटर. चांदीच्या खाणींवर वाढलेले. तेथील खाणविद्येची अकादमी १७६५ साली स्थापन झाली. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तेथे शिकला. इंडियम हे मूलद्रव्य १८६३ साली तेथे सापडले आणि जर्मेनियम १८८६ साली. आणि तेथे ओतकामाची स्वतंत्र संस्था आहे. ओतकामाची! ज्या धंद्यात या मुलीच्या बापाने आयुष्य काढले, ज्यात फाउंड्रीबाहेर कोणी आम्हाला कारागीरसुद्धा म्हणत नाही, त्याचे शास्त्र तेथे विद्यापीठात शिकवतात. हे ऐकून तिचा बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘म्हंजे वाळूचंबी पुस्तक असतंय.’’

एक सावधगिरीची गोष्ट. आम्ही ज्या एजंटाकडे गेलो, त्याने फ्रायबेर्ग ऐकून फ्रायबुर्ग काढले. फ्रायबुर्ग हे वेगळे शहर, नैर्ऋत्येला, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात. तेथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो फी आहे. नावातल्या एवढ्याशा फरकाचे वर्षाला तीन हजार युरो! कागद स्वतः वाचावा. एजंट तुम्हाला बहुधा मोठ्या शहराचे खासगी कॉलेज सुचवितो, कारण दलाली तिकडून येते. ज्या गावाची दलाली मिळत नाही ते गाव त्याच्या नकाशात नसते. कंत्राटदाराला कामगाराची जितकी कळकळ, तितकीच याला विद्यार्थ्याची.

आता सर्वांत कठीण मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. लहान गावात परका माणूस उठून दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅक्सनी राज्याच्या निवडणुकीत, परदेशातून येणाऱ्यांना विरोध करणाऱ्या पक्षाला तीस टक्क्यांहून अधिक मते मिळाली. याचा अर्थ तीस टक्के लोक दगड घेऊन उभे आहेत असा नव्हे. पण मुलीच्या बापाला हे सांगितले नाही, तर आपण त्याला फसविले असे होईल. मोठ्या शहरात तुम्ही गर्दीत मिसळून जाता. तेथे कोणी नाव विचारीत नाही, गाव विचारीत नाही, आणि ज्यांनी गावात नावागावापायी अपमान सोसला, त्यांना हे न विचारणे म्हणजे मोकळा श्वास असतो. बाबासाहेबांना न्यूयॉर्कने काय दिले, ते मी मघाशी सांगितले. तेव्हा ज्याच्या मनाला त्या मोकळेपणाची गरज आहे, त्याने महाग पडले तरी महानगर निवडावे. त्याला मी ऐंशी पाळ्यांचा हिशेब ऐकविणार नाही. फक्त त्याची सोय आधी करून ठेवा. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची शिल्लक होती, मित्राचे कर्ज होते आणि शाहू महाराजांचे साहाय्य होते. तरीही तेथे त्यांनी अर्धपोटी राहून अभ्यास केला. महानगराची किंमत त्यांच्यासारख्यालाही चुकली नाही.

हे सगळे मी त्या मुलीपुढे ठेवले. बाप माझ्याकडे पाहात होता, मी तिच्याकडे. ती म्हणाली, ‘‘काका, मला ओतकामच शिकायचं आहे. बर्लिनला मी काय बघायला जाऊ?’’ मी विचारले, ‘‘एकटी पडशील, भीती नाही वाटत?’’ ती म्हणाली, ‘‘वाटते. पण खोलीला कडी आहे आणि दोन महिन्यांचे पैसे शिल्लक आहेत, असं असलं की भीती कमी वाटते.’’ चाळीस वर्षे मी सभांतून जे सांगत आलो, ते तिने दोन वाक्यांत सांगितले.

सप्टेंबरात ती गेली. सगळे गोड झाले, असे मी सांगणार नाही. पहिला हिवाळा तिला जड गेला. दुपारी चार वाजता अंधार, रविवारी दुकाने बंद, वर्गात बोलणारी दोन माणसे. डिसेंबरात एकदा बापाला फोन करून ती नुसती रडली. बापाने मला विचारले, ‘‘आण्णा, चुकलं का आपलं?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण तिने कामाची घाई केली नाही. सहा महिने जर्मन शिकली. आता एप्रिलपासून प्रयोगशाळेत वाळूच्या चाचण्या करण्याचे थोड्या तासांचे काम तिला मिळाले आहे, लेखी कराराने. करार तिने मला फोनवर वाचून दाखविला. मी विचारले, ‘‘रजा किती? आजारपणाचा पगार?’’ म्हणाली, ‘‘दोन्ही लिहिलं आहे, काका.’’ ती उत्तीर्ण होईल की नाही, पुढे काय करील, हे आज कोण सांगणार? पण ज्या दिवशी तिला एखादे काम नको असेल, त्या दिवशी ती ‘नको’ म्हणू शकेल, एवढे मला ठाऊक आहे.

आता समारोप करतो. ज्यांच्या घरी असे पत्र आले आहे किंवा येणार आहे, त्यांनी पाच गोष्टी कागदावर लिहून काढाव्या, एवढीच विनंती. एक: जो विषय शिकायचा त्याचे खरे घर कोणत्या गावी आहे? दोन: खोली कोठे, किती भाड्याची, आणि ती लेखी मिळाली आहे का? तीन: भाडे व विमा वजा जाता हाती काय उरते, आणि काम न करता पहिले सहा महिने निभतील का? चार: कामाचे नियम काय? जर्मनीत आता वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, विलायतेत सत्रात २० तास. ही मर्यादा पाठ असावी, कारण ती मोडणारा मुलगा मालकाच्या मुठीत जातो. पाच: मुलाचा स्वभाव काय? एकान्त सोसणारा आहे की माणसांत फुलणारा? हे विद्यापीठाला विचारून कळत नाही. जेवताना मुलाला विचारावे लागते.

आणि तेथे गेल्यावर मुलाने कामगार-संघटनेचा पत्ता शोधून ठेवावा. जर्मनीच्या कामगार महासंघाने परदेशी कामगारांसाठी सल्ल्याची सोय केली आहे. पाच कायम कामगार असलेल्या ठिकाणीही तेथे कामगारांचे मंडळ निवडण्याचा कायदेशीर हक्क आहे. ही माहिती कोणताही एजंट देणार नाही. म्हणून मी देतो.

त्या लंडनहून परतलेल्या मुलाबद्दल एक सांगायचे राहिले. तो आता आमच्या कचेरीत संध्याकाळी येतो. परदेशी जाणाऱ्या मुलांचे कागद वाचून देतो. मी कधी घाईने म्हणालो की, ‘‘अमुक गावाला जा,’’ तर तो हळूच म्हणतो, ‘‘आण्णा, आधी खोलीचं भाडं विचारूया.’’ त्याने मला माफ केले की नाही, मी विचारलेले नाही. पण त्याच्या या वाक्याने आणखी चार घरे तरी वाचतील, अशी मला आशा आहे. आणि म्हणूनच आज आपल्यापुढे येण्याचे धाडस केले.